तेल चालतं, पाणी चालत नाही

माझ्या आत्याच्या तळहातांना घाम येत नसे. एवढ्या एका गोष्टीवर आमचं दुकान उभं होतं, आणि ती गोष्ट आमच्या घरात कुणी कधी मोठ्याने बोलून दाखवली नाही. बाबा गिऱ्हाइकांना सांगायचे, "माल चोख आहे, म्हणून खपतो." चोख माल करणारी बाई भिंतीपलीकडे बसलेली असायची, आणि बाबा हे बोलताना त्याच भिंतीला टेकून उभे असायचे.

दुकान तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शेवटच्या वळणाच्या जरा अलीकडे. गळ, दोरी, शिसं, घडीच्या खुर्च्या, जाळीच्या झोळ्या आणि आमिष. तळं हौशी लोकांचं. दिवसभर खुर्चीत बसायचं, एखादा मासा लागलाच तर त्याला मांडीवर घेऊन फोटो काढायचा, वजन करायचं आणि परत पाण्यात सोडून द्यायचं. लहानपणी मला वाटायचं, या माणसांच्या डोक्यात काहीतरी बिघाड आहे. पुढे कळलं की आमचं घर त्या बिघाडावरच चालतं, मग मी तसं वाटून घेणं बंद केलं.

आमच्याकडे लोक लांबून यायचे ते विरघळणाऱ्या पिशवीसाठी. दिसायला साध्या प्लॅस्टिकची, पारदर्शक, मुठीत मावेल एवढी. पण पाण्यात पडली की मिनिटभरात नाहीशी होते. तिच्यात कोरडे दाणे ठासून भरायचे, मधोमध गळ लपवायचा, आखूड दोरीचा फास तेवढा बाहेर ठेवायचा. गिऱ्हाईक तो फास आपल्या दोरीला अडकवून पिशवी लांब फेकतं. ती तळाशी जाते, विरघळते, आणि चिखलावर दाण्यांचा नीटस ढीग उरतो. गळ त्याच्या पोटात. माशाला वाटतं, कुणीतरी आपल्यासाठी वाढून ठेवलंय.

सोपं वाटतं ना? करून बघा. बोट जरा ओलं असलं की पिशवीला भोक पडतं. घामसुद्धा पुरतो. बाबांचे हात घामट, माझे त्यांच्यावरच गेलेले. आम्ही भरलेल्या पिशव्या डब्यातच एकमेकींना चिकटायच्या आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांचा मिळून एकच लगदा निघायचा. आत्या मात्र गप्पा मारता मारता भरायची. चमचाभर दाण्यांची भुकटी, मग गळ, मग दाणे, अंगठ्याने दाबून दाबून. पिशवीची मान पिळायची, कोपऱ्याला जिभेचं टोक जेमतेम लावायचं, दुमडून चिकटवायचं. मग सुईने चार भोकं, म्हणजे आतली हवा निघून पिशवी तरंगत नाही. मिनिटाला एक. त्या जिभेच्या टोकावर मावेल एवढंच पाणी तिच्या खोलीत चालायचं.

तिच्या हातांना घाम का येत नसे तेही सांगते. कातडीचा आजार, जन्मापासूनचा. तळहात जाड, पांढुरके, खवल्याखवल्यांचे, आणि रेघांच्या जागी चिरा. थंडीत त्या चिरांतून रक्त यायचं. लग्न जमवताना सासरच्यांना हे सांगितलं नव्हतं, की सांगितलं होतं आणि त्यांनी कानाआड केलं, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. लग्नानंतर आठव्या महिन्यात सासूने तिला माघारी न्यायला सांगितलं. "हिच्या हातचं आम्ही खायचं कसं?" एवढंच कारण. तिला आणायला बाबा गेले होते. तिच्या नवऱ्याशी ते तेव्हा हातघाईवर आले, हेही खरं आहे आणि मी ते लपवणार नाही. बाबा नुसतेच वाईट असते तर मला हे सांगणं फार सोपं गेलं असतं.

आमच्या घरीही पीठ मळायला तिच्या हातात कुणी दिलं नाही. आई म्हणायची, "राहू द्या वन्सं, झोंबेल तुम्हाला." ती काळजीच होती. सासू ओरडून बोलली ते आई गोड आवाजात बोलत होती, एवढाच फरक, असं मला आता वाटतं.

मग बाबांनी दुकान काढलं, पहिल्या पिशव्या आणल्या, आणि आमच्या सगळ्यांच्या हातून त्यांची वाट लागल्यावर आत्याने सहज एक उचलली. तिची पिशवी तशीच राहिली. दुसरी राहिली. तिसरी राहिली. मी आठ वर्षांची होते, पण मला नीट आठवतं, बाबांनी तिचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. त्या घरात ते हात कुणी हातात घेतलेले मी तोवर पाहिले नव्हते. बाबा म्हणाले, "अगं, सोनं आहेत हे हात! सोनं!" आत्या हरखून गेली. पुढची एकवीस वर्षं ती त्या एका वाक्यावर काम करत राहिली.

दुकानाच्या मागची खोली तिची झाली. खिडकीच्या फटी बुजवलेल्या, हीटर दिवसभर चालू, कोपऱ्यांत ओल शोषून घेणाऱ्या खड्यांची ताटं. आत पाण्याचा तांब्या न्यायचा नाही, चहा न्यायचा नाही, ओले केस घेऊन जायचं नाही. मी दारात उभी राहिले की आत्या दोन बोटांनी मला बाहेर जायची खूण करायची. "पळ! तुझे हात ओले आहेत." मग हसायची. हसताना तिचे ओठ फुटायचे, कारण त्या हवेत काहीच ओलं राहत नसे.

दुकान आणि खोली यांच्यामध्ये भिंतीत एक सरकती खिडकी होती. आत्या तिच्यातून भरलेले डबे बाहेर सरकवायची. गिऱ्हाइकांना तेवढे हातच दिसायचे. ते तिला 'खिडकीबाई' म्हणायचे. पुढे बाबांनी तिला कापडी हातमोजे आणून दिले. "लोकांना उगाच शंका नकोत," म्हणाले. डबा सरकवण्यापुरते घालायचे, भरताना काढायचे. ती कधी घालायची, कधी विसरायची.

शाळा-कॉलेज आटोपून मी गल्ल्यापाशी उभी राहू लागले. नव्या गिऱ्हाइकाचा एक प्रश्न ठरलेला असे. आमचे भारी दाणे माशाच्या तेलात मुरवलेले असायचे, तेलाने चिप्प. लोक विचारायचे, "एवढं तेल आहे, पिशवी विरघळणार नाही का?" मी दिवसातून दहा वेळा तेच उत्तर द्यायचे. तेल चालतं, पाणी चालत नाही. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी हेच सांगितलं असतं.

आत्याला एकच हौस होती. हजारो पिशव्या भरलेल्या या बाईने एकही पिशवी पाण्यात जाताना पाहिली नव्हती. "विरघळते कशी गं?" ती मला विचारायची. "आधी वरून जाते की खालून?" तिला एकदा स्वतः गळाची काठी हातात घेऊन, स्वतः भरलेली पिशवी फेकायची होती. बाबा म्हणायचे, "हंगाम संपू दे, नेतो." आमचा हंगाम दहा महिने चालायचा, आणि उरलेल्या दोन महिन्यांत तळ्यावर गळ टाकायला बंदी असे. हा विनोद बाबांच्या कधी लक्षात आला नाही. आत्याच्या आला होता, पण ती बोलायची नाही.

मी बावीस वर्षांची असताना एक नवं गिऱ्हाईक येऊ लागलं. कातडीचे डॉक्टर. दर रविवारी यायचे, खुर्ची घेऊन तळ्यावर जायचे, एकही मासा न लागता परत यायचे आणि तरीही खूश असायचे. एका रविवारी त्यांनी खिडकीतून सरकलेला डबा घेतला आणि डब्याऐवजी हातांकडेच बघत राहिले. त्या दिवशी आत्या मोजे विसरली होती.

"किती वर्षं आहे हे?" त्यांनी मला विचारलं.

"जन्मापासून."

"काही लावतात का?"

"काही नाही."

त्यांनी खिशातून कागद काढला, गल्ल्यावर ठेवून लिहिला आणि माझ्या हातात दिला. "पूर्ण जाणार नाही, पण ताब्यात राहील. संध्याकाळी कोमट पाण्यात हात बुडवायचे, मग हे मलम चोपडायचं, सकाळी पुसून टाकायचं. रोज. कंटाळा करायचा नाही. चिरा अशाच भरत आणि फाटत राहिल्या तर कातडी आखडते, बोटं वाकतात, मग ती उघडत नाहीत. आत्ता वेळ आहे. सांगाल ना त्यांना?"

"सांगते," मी म्हणाले.

सांगितलं बाबांना. बाबांनी चिठ्ठी वाचली, आणि त्यांच्या कपाळाला घाम आला. "पाण्यात हात बुडवायचे? मलम लावायचं? आणि त्या हातांनी पिशव्या भरायच्या? अगं, महिन्याभरात दुकानाला कुलूप लागेल." मग म्हणाले, "तिच्या हातांचं काय, तिला सवय आहे. हंगाम संपला की बघू." चिठ्ठी त्यांनी खणात टाकली. मी त्या खणाकडे बघत उभी होते. मी एका शब्दाने नाही म्हणाले नाही. मलाही तेच दिसत होतं: लगदा झालेले डबे, तोंड फिरवणारी गिऱ्हाइकं, आणि माझं पुढचं शिक्षण.

दुपारी आत्याने खिडकी सरकवली. "डॉक्टर काय म्हणाले गं?"

ती माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी पाहिलं नाही, कारण मी दोरीची रिळं लावण्यात गुंतले होते. म्हणजे गुंतल्याचं सोंग करत होते.

"काही नाही," मी म्हणाले. "जन्माचं आहे, याला औषध नाही म्हणाले."

"हं," आत्या म्हणाली. थोडा वेळ खिडकी उघडीच राहिली. मग सरकली.

त्याच आठवड्यात डॉक्टरांची बदली झाली आणि ते यायचे थांबले. हंगाम संपला, दुसरा सुरू झाला. त्या खणात पुढे पावत्या साचल्या, सुटे गळ साचले, तुटक्या चाव्या साचल्या. चिठ्ठी खाली गेली. मी तिचा विचार करत नसे असं म्हणणं खोटं होईल. करायचे. विशेषतः आत्या खिडकीतून डबा सरकवायची तेव्हा. आधी तिची करंगळी वाकलेली दिसली, मग तिच्या शेजारचं बोट. मग डबा ती बोटांनी धरेनाशी झाली, मनगटाने ढकलू लागली. मिनिटाला एक पिशवी होती ती दोन मिनिटांना, मग चार मिनिटांना एक झाली. बाबा म्हणायचे, "हल्ली तिचं कामात लक्ष नसतं." एकदा हे तिच्या तोंडावर म्हणाले. आत्या म्हणाली, "हो रे दादा, वय झालं." ती तेव्हा एकावन्न वर्षांची होती.

सात वर्षांनी डॉक्टर परत आले. निवृत्त होऊन, पांढरे झालेले, पण खुर्ची तीच. "खिडकीबाई आहेत ना अजून?" असं हसत विचारत असतानाच खिडकीतून डबा आला. मनगटांनी ढकललेला. डॉक्टरांचं हसू तिथेच थांबलं.

"यांनी मलम लावलं नाही?"

बाबा काउंटरवर होते, तेच पुढे झाले. फार समजूतदार आवाजात म्हणाले, "डॉक्टर, आमचं काम तुम्हाला माहीत आहे. मलमाच्या हातांनी पिशव्या कशा भरायच्या? विरघळल्या असत्या की सगळ्या."

डॉक्टरांना आधी वाटलं, बाबा थट्टा करताहेत. ते हसलेसुद्धा. मग बाबांचा चेहरा बघून म्हणाले, "अहो, ते मलम म्हणजे नुसता ओशटपणा. मेण आणि तेल. तेलाने पिशवी विरघळते? हे तेलातले दाणे तुम्हीच भरून विकता ना मला? आणि कोमट पाणी संध्याकाळी घ्यायचं होतं हो. सकाळपर्यंत हात कोरडे झाले नसते?"

बाबा काउंटरवरच्या तेलाच्या दाण्यांच्या बरणीकडे बघत होते. इतकी वर्षं ती तिथेच होती, माझ्या हातापासून वीतभर अंतरावर. मी त्या दिवशीही सकाळी एका गिऱ्हाइकाला सांगितलं होतं, तेल चालतं, पाणी चालत नाही. दुकान वाचवायला आम्ही तिचे हात घालवले, आणि दुकानाला तर कशाचाच धोका नव्हता. स्वार्थ तरी नीट साधायचा! तेवढीही अक्कल आम्हाला नव्हती.

खिडकी उघडी होती. डॉक्टर मग परवानगी न विचारता आत गेले, आणि बऱ्याच वेळाने बाहेर आले. "कातडी मऊ होईल, चिरा बुजतील," ते म्हणाले. "बोटं मात्र आता सरळ व्हायची नाहीत. तेव्हा झाली असती." त्या दिवशी ते तळ्यावर गेले नाहीत. त्यानंतर ते आमच्या दुकानातही आले नाहीत.

बाबा त्याच दुपारी जाऊन मलमाच्या बारा नळ्या घेऊन आले. आत्यापुढे त्यांनी त्या ओळीने मांडल्या आणि म्हणाले, "घे. आता लाव हवं तेवढं." चुकलो, असं म्हणाले नाहीत. त्यांना ते म्हणायचं होतं, मला दिसत होतं, पण म्हणाले ते हेच. आत्याने नळ्या उचलून टोपलीत ठेवल्या आणि हीटर बंद केला. सहा आठवडे ती घरीच होती. रोज संध्याकाळी कोमट पाण्यात हात बुडवून बसायची. मी मलम लावून देऊ का म्हटलं, तर म्हणाली, "राहू दे, जमतंय मला." हात खरंच मऊ झाले. खवले गेले, चिरा मिटल्या. आईने एकदा न राहवून तिचा तळहात हातात घेतला आणि रडली. बोटं तशीच वाकलेली राहिली.

सातव्या आठवड्यात एका सकाळी आत्या म्हणाली, "मला तळ्यावर ने."

तिने डब्यातून आपल्या हातच्या तीन पिशव्या घेतल्या, जुन्या, चांगल्या दिवसांतल्या. मी काठी घेतली, खुर्ची घेतली. तळ्यावर वारा नव्हता. चार-सहा लोक लांब लांब बसले होते. मी पिशवी दोरीला अडकवून दिली आणि तिला समजावलं: तर्जनीने दोरी धरून ठेवायची, काठी मागून पुढे आणायची, आणि काठी डोक्यावरून पुढे आली की बोट उघडायचं. बाकी काही नाही, फक्त बोट वेळेवर उघडायचं.

तिने काठी दोन्ही हातांनी धरली. धरणं तिला जमत होतं. काठी मागे नेली, जोराने पुढे आणली. बोट उघडलं नाही. पिशवी तिच्याच डोक्यावरून फिरून काठावरच्या दगडावर आपटली आणि फुटली. दुसरी शेजारच्या झुडपात गेली. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, "आत्या, मी फेकून देऊ का?"

"नको," ती म्हणाली. "तुझे हात ओले आहेत."

या वेळी ती हसली नाही.

तिसरी पिशवी तिच्या पायांपासून दोन हातांवर, उथळ पाण्यात पडली. तिथला तळ स्वच्छ दिसत होता. आत्याने काठी खाली ठेवली आणि काठावर उकिडवी बसली. पिशवी आधी कोपऱ्यांवर सुरकुतली. मग वरून एक भोक पडलं, मोठं झालं, कडा दोऱ्यांसारख्या लोंबल्या आणि गेल्या. दाणे जरा वेळ पिशवीच्या आकारातच उभे राहिले. मग ढासळले. गळ मधोमध उघडा पडला.

"एवढंच होय," आत्या म्हणाली.

मी तिच्या शेजारी बसले. सात वर्षं मनात घोळवलेलं वाक्य मला तेव्हा सापडेना, म्हणून सापडेल तसं बोलले. "आत्या, ती चिठ्ठी डॉक्टरांनी माझ्या हातात दिली होती. बाबांच्या नाही. माझ्या."

"माहीत आहे मला. खिडकी उघडी होती तेव्हा. लिहिताना पाहिलं, तुला देताना पाहिलं, दादाने खणात टाकली तेही पाहिलं."

मला रागच आला. खरं सांगते, त्या क्षणी मला लाज नाही वाटली, राग आला. सात वर्षं मी एकटीने ओझं वाहतेय असं मला वाटत होतं, आणि हिला सगळं ठाऊक होतं. "मग विचारलं का नाहीस मला?" मी जवळजवळ ओरडले. "एकदा तरी विचारायचंस!"

आत्याने पाण्यात हात घातला आणि वाकलेल्या बोटांनी तो गळ दाण्यांतून हळूच बाहेर काढला.

"विचारलं होतं की," ती म्हणाली.